खोडलेल्या शब्दावर कांबळे

प्रिय अच्युत,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, त्यात काही शोधू नकोस. दिवाळी अंकातल्या तुझ्या गोष्टीच्या जुळवलेल्या पानांचा फर्मा सोमवारी सकाळी मशीनवर चढणार, हे आज आमच्या छापखान्याचे फोरमन शामराव यांनी पक्कं सांगितलं. तुला ठाऊक नसेल, त्या गोष्टीच्या अक्षरांचे खिळे मीच जुळवले.

चळवळीची पत्रकं कुठं दडवलीत ते पोलिसांना सांगणारा कचेरीतला शिपाई, आणि आडनाव कांबळे. हे आडनाव बारा वर्षं माझ्या हाताखालून जातंय. तुम्हा लेखकांचा कांबळे चहा आणतो, दाराशी उभा राहतो, चोरी करतो आणि साहेब त्याला मोठ्या मनानं माफ करतात. त्याला पहिलं नाव कधीच नसतं. “राजाराम, तुझे भाऊबंद फार रे गोष्टींत!” असं शामराव म्हणायचे, आणि मीही हसायचो.

बाबा सांगायचे, कांबळं म्हणजे घोंगडी. पाऊस आपण घ्यायचा, आतल्याला कोरडं ठेवायचं. छप्पनच्या जानेवारीत, गोळीबारानंतर, तू ठाकूरद्वारहून पळत आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत आलास, तेव्हा त्यांनी खरोखरच आपली घोंगडी तुला पांघरायला दिली. आईच्या हातचं कालवण तू दोनदा मागून घेतलंस. केवढं कौतुक वाटलं होतं मला तुझं! एरवी पत्रकांचा गठ्ठा त्याच घोंगडीखाली असायचा, ते तू पाहिलंस. तिसऱ्या दिवशी तू घरी निघालास, वाटेत पकडला गेलास आणि संध्याकाळी सुटलास. दुसऱ्या सकाळी पोलीस आले आणि त्यांनी खोलीत दुसऱ्या कशाला हातसुद्धा न लावता घोंगडी उचलली. बाबांना सात महिने तुरुंग झाला, शिवडीच्या गोदामातलं काम गेलं. मी तुझं नाव काढलं की म्हणायचे, “पोरगं घाबरलं आसंल. जाऊ दे.” गेल्या वर्षी ते गेले. मी जाऊ दिलं होतं, अच्युत.

पण जुळाऱ्यापुढं लेखकाच्या हातचा कागद असतो, हे तू विसरलास. पान नऊ. ‘घोंगडीखाली आहेत, असं मी सांगितलं.’ त्यातला ‘मी’ तू खोडलास आणि वर लिहिलंस, ‘कांबळेनं’. अशी अकरा ठिकाणं आहेत. आईला वाचता येत नाही. शेजारची बेबी तिला दिवाळी अंक मोठ्यानं वाचून दाखवते. तिनं हे ऐकायचं?

लेखकाचा शब्द मी बदलत नाही. म्हणून हे पत्र. शनिवारी दुपारी छापखान्यात ये आणि प्रुफावर तुझ्या हातानं अकराही ठिकाणी तो ‘मी’ परत लिही. ओळी आखूड होतील, मोकळी जागा मी भरून घेईन. नाही आलास तर अंक आहे तसा निघेल, आणि तुझ्या हातचं पान नऊ, खोडलेल्या ‘मी’सकट, मी चाळीच्या गॅलरीत सगळ्यांसमोर वाचेन. शामराव सोमवारी आठला मशीन सुरू करतात.

तुझाच म्हणवत नाही,
राजाराम कुशाबा कांबळे