पणजोबांचं नाव

बाबा, परवा तात्यापारा मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या घरी तुमचं श्राद्ध झालं आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा हजर होते. रिटायर झाल्यामुळे सवड मिळाली, असं लोकांना सांगते. खरं म्हणजे टाळायला कारण उरलं नाही.

माझं काम तुम्हाला कधी पटलं नाही. मध्ययुगाच्या अखेरचे कॅथलिक लोक आपल्या मेलेल्यांसाठी काय काय करत, यावर मी जन्म घालवला. गावच्या चर्चमध्ये मेलेल्यांची यादी असे, आणि वर्षातून एकदा पाद्री ती मोठ्याने वाचे. आपलं नाव कुणी घेतलं नाही तर स्वर्ग-नरकाच्या मधल्या आगीत जळत पडू, ही त्या लोकांची धास्ती. यादीत राहायचं म्हणून कुणी शेत देई, कुणी मेणबत्त्या. हे मी कौतुकाने सांगत होते तेव्हा तुम्ही रेल्वेची ड्यूटी आटोपून स्वयंपाकघरात मेथी निवडत बसला होता. वर न बघता म्हणालात, "काहून वं, आपल्या घरचे मेलेले कमी पडले का तुले?" मी फणकाऱ्याने उठून गेले.

तरी परदेशी निघाले त्या दिवशी तुम्ही स्टेशनवर एक चिठ्ठी हातात दिलीत. ऑफिसच्या फॉर्मची कोरी बाजू, तुमचं ते कारकुनी अक्षर. तुमच्या आजोबांचं नाव, मग वडलांचं, आणि खाली स्वतःचं. "तुह्या भावाच्या ध्यानात राहत नाही. तू यादीवाली. जपून ठेव." मी ती वाचनालयाच्या पुस्तकात खूण म्हणून घातली आणि पुस्तक परत केलं. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हाही मी परदेशातच होते. आले नाही. प्रबंधाचं एक प्रकरण पुरं व्हायचं होतं. त्याची मला लाज वाटते, बाबा.

परवा गुरुजी तुमचं नाव घेतात, आमच्या आजोबांचं घेतात आणि थांबतात. "पणजोबांचं नाव?" बोटात दर्भ घातलेला भाऊ माझ्याकडे बघतो. "ताई, तू सांग ना. हिस्ट्रीवाली तं तूच आहेस." पाचशे वर्षांपूर्वीच्या एका खेड्याची यादी मला आजही तोंडपाठ आहे. खाटकाची बायको, पाववाला, त्याच्या दोन मुली. पणजोबांच्या जागी काहीच नाही. माहीत नाही म्हटलं असतं तर गुरुजींनी दर वर्षीसारखी काहीतरी वाट काढली असती. माझ्याच्याने म्हणवलं नाही. तोंडाला आलं ते नाव मी सांगून टाकलं. गुरुजींनी ते उच्चारलं, भावाने अंगठ्यावरून तिळाचं पाणी सोडलं.

जेवणं झाल्यावर त्याने ते फोनमध्ये टिपलं आणि आपल्या मुलीला पाठवलं. तिचा लगेच फोन आला. "अच्छा, तो ये नाम था परदादा के पापा का!" भाऊ म्हणाला, "हव, तुह्या आत्यानं सांगितलं."

दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी शोधून मी नाव कमावलं. ही नोंद माझी आहे, आणि दर वर्षी वाचली जाईल. मेलेल्यांना पाणी पोचतं यावर माझा विश्वास नाही. पण पोचत असेल, तर तुमच्या आजोबांचं पाणी मी कधीच नसलेल्या माणसाला पाजलं. भाऊ शेजारच्या खोलीत झोपलाय, आणि मी अजून त्याला सांगितलेलं नाही.