फळ्यावरचा कोरा रकाना

बाबा, आज मानकोलीच्या गोदामात हमालांची बोलणी खाऊन आले. मी आता गोदामांसाठी प्रोग्राम लिहिते. गाडीची खबर दुरून, तिच्या सवडीने येते. आली की पडद्यावरची ओळ आपोआप बदलते, अशी नव्या पद्धतीची मांडणी. कधीकधी येणारी खबर गाडी रद्द झाल्याचीच असते. मी शहाणीने काय केलं, तर खबर यायची असो की गाडी रद्द असो, दोन्हीला एकच लिहिलं: 'गाडी नाही'. सकाळी ते वाचून हमाल घरी गेले. दुपारी गाडी दारात, आणि उतरवायला माणूस नाही. "मॅडम, तुमचा स्क्रीन झूठ बोलतो," मुकादम म्हणाला.

राहनाळच्या गोदामाच्या गेटवर फळा तुमच्याकडे असायचा. गाडी आली तर बरोबरची खूण, रद्द झाली तर फुली, काहीच कळलं नसेल तर रकाना कोरा. कॉलेजच्या सुट्टीत मी डबा घेऊन आले होते. कोरा रकाना बघून हात शिवशिवले आणि मी फुली मारून टाकली. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या हातातला खडू काढून घेतलात. "बाय, खबर आली न्हाय म्हंजे गाडी येनार न्हाय, असा न्हाय. ठावं नसल तं कोरा ठेव. त्यात लाज कसली?" एका फुलीपायी एवढं, म्हणून मी दोन दिवस फुगून बसले होते.

चूक अर्ध्या तासात दुरुस्त झाली. आता पडद्यावर 'खबर यायची आहे' असं वेगळं दिसतं. पण मी फार थकले आहे, बाबा, कारण ही चूक माझ्या ओळखीची निघाली.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. तुमच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. आठ दिवसांनी स्वयंपाकघरात सुकट निवडता निवडता तुम्ही विचारलंत, "रिपोर्टचा काय झाला?" मी म्हणाले, काही नाही निघालं. तुम्ही वज्रेश्वरीला नारळ फोडून आलात आणि दुखलं तरी दवाखान्याचं नाव काढलं नाहीत. महिन्याने वाईट रिपोर्ट हातात पडला. 'आधी नव्हतं, आता झालंय,' असं मी सांगितलं आणि तुम्ही मानलंत.

आधीचा रिपोर्ट कधी आलाच नव्हता, बाबा; महिन्याने आला तोच पहिला. लॅबचा फोन आला नाही, म्हणून फुली मी मारली होती.