टेबलाच्या पायाला बांधलेली मुलगी

प्रिय बाबा,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुमचा खोकला कसा आहे? औषध टाळू नका हं.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. आई गेल्यावर तुम्ही कारखान्यात जाताना पाच वर्षांच्या मला चादरीच्या पट्टीने टेबलाच्या पायाला बांधून जायचात, ते मी आपल्या दोघांवर लिहिलेल्या चित्रपटात घेतलंय. मला आठवत नसेल, असं तुम्हाला वाटत असणार.

आज त्याच प्रसंगाचं चित्रीकरण होतं. तुमचं काम करणारा नट गाठ मारेना. चार वेळा त्याने पट्टी खाली टाकली.

"लोकांना हा बाप राक्षस वाटेल. काढून टाका हे," तो म्हणाला.

दिग्दर्शक माझ्याकडे बघायला लागला. लोक तुम्हाला नावं ठेवतील, ही भीती मलाही होतीच.

मी म्हणाले, "दाराला कडी नव्हती, खाली रहदारीचा रस्ता. आणि गाठ सैल असायची. मला सुटायची."

"मग सोडायची नाहीस?" नटाने विचारलं.

"सोडायचे की! दिवसभर खेळायचे. उंबऱ्याबाहेर मात्र गेले नाही. बाबा यायच्या वेळी परत बांधून घ्यायचे, त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून."

मग खाली बसून त्याने गाठ मारली. सैल.

रागावू नका. तुम्ही नको म्हणालात, तर प्रसंग काढून टाकीन. फक्त एवढं कळवा, गाठ तुम्ही मुद्दाम सैल मारायचात ना?

तुमचीच,
ठकी