काशीचा नारळ

नेरूळ, १२ जानेवारी १९९७

संध्याकाळी शेजारच्या वहिनी नारळ घेऊन आल्या आणि चक्क माझ्या पाया पडल्या. आम्ही दोघं काशीला निघालोय, असं सोसायटीत कुणीतरी सांगितलं म्हणे. "येताना गंगाजल आणा."

मी म्हटलं, "वहिनी, आम्ही आफ्रिकेला चाललोय. सिंह बघायला." ह्यांनी नोकरीत केलेल्या विमानप्रवासांच्या पॉइंट्सवर आता दोन तिकिटं फुकट मिळालीत.

वहिनींची नजर माझ्या नव्या बुटांवर. "साडीवर बूट? या वयात?" आणि हात हळूच नारळाकडे.

मीच आधी उचलला. मला एवढा राग कशाचा आला, वय काढल्याचा की बुटांना नावं ठेवल्याचा? असो. पाया पडून झालं होतं, म्हणजे नारळ माझाच.

उद्या त्याची चटणी वाटणार. बूट घालूनच. सिंह बघून झाले की तिकडचे डोंगरही चढायचेत, सवय नको?