फ्रिजवरची पांढरी डबी

वढवाण,
श्रावण वद्य ११

चि. भाऊ किरीट यास जसुबेनचे अनेक आशीर्वाद आणि जय जिनेंद्र. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, मी जिवंत आहे. पजूसण पर्वाचे आठ दिवस फोन वर्ज्य करायचा नियम घेतला आहे. शेजारची कपिलाबेन उपाश्रयात साध्वीजींसमोर सगळ्यांदेखत म्हणाली की अन्न सोडणं सोपं, फोन सोडून दाखव. म्हणून सोडला. हे पत्र बडोद्याच्या बसच्या कंडक्टरकडे देते. तू डेपोसमोरच राहतोस, तो आणून देईल.

दुसरी बातमी पोटात ठेव. उद्यापासून मी अठ्ठाई करते आहे. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. पोराला, मौलेशला, कळवलेलं नाही. गेल्या वर्षी तीन उपवासांत मला चक्कर आली, तेव्हा त्याने कॅनडातून बजावलं होतं की बा, पुन्हा उपवास करणार नाहीस ना. मी म्हणाले, भगवान करेल ते. तो त्याला होकार समजला, त्याला मी काय करू? कपिलाबेनच्या तीन अठ्ठाया झाल्या आणि माझी एकही नाही. त्र्याहत्तरावं चालू आहे. आता नाही तर काय पुढच्या जन्मी?

भानगड आहे ती फ्रिजवरच्या डबीची. मागच्या दिवाळीला मौलेशने बसवली. मी दिवसभर काय करते ते ती मोजते आणि रोज रात्री त्याच्या फोनात एक पान उगवतं. हिरवं आलं तर बा बरी, लाल आलं तर बा धोक्यात. लागोपाठ तीन लाल पानं आली की या घराला कुलूप आणि माझी रवानगी अमदावादच्या वृद्धांच्या सोसायटीत. अनामत भरूनही झाली आहे. तिथे नर्स आहे, लिफ्ट आहे, भजनाचा हॉल आहे. माझा ओटा नाही आणि त्यावर येऊन बसणारी माणसं नाहीत.

तू कॉलेजात पोरं शिकवतोस, तर एवढं सांग. ती डबी नक्की काय मोजते?

गाठिया कमी खा आणि बहिणीवर माया ठेव.
तुझी जसुबेन


बडोदे,
१ सप्टेंबर

ती. जसुबेनच्या चरणी धाकट्या किरीटचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

कंडक्टरने पत्र दिलं आणि उत्तर लवकर द्या अशी तंबीही दिली. तुझी माणसं तुझ्यासारखीच.

डबीचं माहितीपत्रक वाचून काढलं. घरातले आवाज ती ऐकतेच, शिवाय चार ठिकाणच्या चहाड्या गोळा करते. फ्रिजचं दार, स्वयंपाकघरातला नळ, गादीखालची पट्टी आणि संध्याकाळचा दिवा. आता तुझं व्रत बघ. खायचं नाही म्हणून फ्रिज बंद. उकळलेलं पाणी उपाश्रयातून येतं म्हणून नळ बंद. व्रतात तू चटईवर झोपतेस म्हणून गादी रिकामी. दिव्यात जीव मरतात म्हणून अंधार. बेन, तू मोक्षाच्या वाटेला लागलीस खरी, पण यंत्राच्या हिशेबी कालच वारलीस.

पुढे ऐक. मौलेशने त्या कंपनीला माझाही नंबर दिलेला दिसतो. कालपासून मला भूक वाढवणाऱ्या काढ्याच्या जाहिराती येताहेत, आणि आज सकाळी तर अंत्यविधीची सगळी सोय एका छत्राखाली करणाऱ्या मंडळाची आली. तू उपाशी आहेस हे पोटच्या पोराआधी बाजाराला कळलं.

उपाय सोपा आहे. दिवसातून चारदा फ्रिज उघडून मिट, दुपारी दहा मिनिटं गादीवर पड, नळ जरा सोड. पान हिरवं होईल.

आशीर्वाद आहेतच, ते कमी करू नयेत.
तुझा किरीट


वढवाण,
श्रावण वद्य १४

चि. किरीट यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या उपायाने डोकं जास्तच फिरलं. काहीही न घेता फ्रिज उघडायचा म्हणजे घेतल्याचं ढोंग करायचं. ढोंग करून खोटं बोलणं हे अठरा पापांतलं सतरावं. पण मग वाटतं, मी फसवते कुणाला? डबीला जीव नाही. जिला जीव नाही तिच्याशी खोटं बोलता येतं का? साध्वीजींना आडून विचारलं, एका बाईच्या घरी असं असं यंत्र आहे म्हणून. त्या म्हणाल्या, यंत्रापलीकडे कोण बसलं आहे ते त्या बाईला विचारा. शिवाय दार उघडलं की आत दिवा लागतो, ते पाप वेगळंच. कपिलाबेनच्या सुनेला उघडायला सांगावं, तर करणं आणि करवणं दोन्ही सारखंच. आठ दिवस उपाशी राहून पुण्य कमवायचं आणि फ्रिजच्या दारात सांडायचं, असं झालं आहे.

काल संध्याकाळी सामायिकाच्या ध्यानात मौन धरून बसले होते. डबी मध्येच बोलली की बा, तुम्ही ठीक आहात का, 'हो' म्हणा. मौनात म्हणणार कशी? तिने तीनदा विचारलं. शेवटी कपिलाबेन ओट्यावरून ओरडली की हो बाई, मजेत आहेत. तर डबी म्हणते, घरात अनोळखी स्त्रीचा आवाज आला आहे. चाळीस वर्षं ती बाई माझ्या घरात येते आहे!

दोन पानं लाल होऊन चुकली असणार. आज तिसरं. पोट शांत आहे, पण डोक्यात नुसता कालवा आहे. काही सुचत असेल तर कळव.

तुझी जसुबेन


बडोदे,
४ सप्टेंबर

ती. जसुबेनला किरीटचा नमस्कार. वि. वि.

आता हे शांतपणे वाच. डबीचा एक डोळा माझ्या फोनातही आहे. मौलेशने मला जवळचा नातेवाईक म्हणून नेमलं आहे. लाल पान दिसू लागलं की ती मला विचारते, तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंत का, सगळं ठीक आहे का, आणि खाली एक हिरवं बटण येतं. परवा संध्याकाळी तुझं पत्र वाचलं आणि बडोद्यात पलंगावर लोळत मी ते दाबलं. तिसरं पान हिरवं. पाप माझ्या खात्यावर लिही. मी कुठलंच व्रत करत नाही, तिथे जागा भरपूर आहे.

इथवर ठीक होतं. पण काल मौलेशचा फोन आला. मामा, तुम्ही खरंच वढवाणला गेलात, म्हणून गहिवरला. मी म्हटलं, गेलो तर. त्याने विचारलं, बा नीट जेवते का. मी म्हटलं, छान जेवते, मलाही आग्रहाने वाढलं. त्याने विचारलं, काय केलं होतं. मला जे आवडतं ते तोंडातून निघून गेलं. बटाट्याचं रसावाळं शाक.

मग हळूच म्हणाला की मामा, पजूसणात बाने बटाटा शिजवला?

मी रेंज गेल्याचं सोंग करून फोन ठेवला. रागाव, पण उत्तर दे.

तुझा मूर्ख किरीट


वढवाण,
भाद्रपद शुद्ध २

किरीट,

आशीर्वाद शुद्ध पंचमीनंतर देईन. आज उपवास सहावा आहे आणि राग करायची मला बंदी आहे, म्हणून हळू लिहिते.

जन्मात जमिनीखालचं काही या घरात शिजलं नाही. पजूसणात आम्ही हिरवी पालेभाजी चिरत नाही, आणि तू मला बटाटा रांधायला बसवलंस? मौलेशने काल कपिलाबेनला फोन केला. बाला माणसं ओळखू येतात का, वार-तिथी कळते का, असं विचारत होता. अठ्ठाईबद्दल बोलणार नाही अशी शपथ मी तिला घातली होती. तिचं इतकं त-त-प-प झालं की त्याची खात्रीच पटली. बा जेवली नसती तर एक वेळ त्याला चाललं असतं. बा पजूसण विसरली, म्हणजे बा गेलीच. तो निघाला आहे. पारण्याच्या दिवशी पोचेल, सोबत डोक्याचा डॉक्टर आणणार आहे.

हिरवं पान मिळालं आणि घर मात्र जायची वेळ आली. उपवास सांगावा तर त्याला फसवलं म्हणायचं. न सांगावा तर मी बटाटा खाल्ला. कशाने कमी पाप लागतं तेही आता समजेनासं झालं आहे.

जसु


वढवाण,
भाद्रपद शुद्ध ६

चि. किरीट यास आशीर्वाद, आणि मिच्छामि दुक्कडम. मनाने, वचनाने, कायेने तुला जे बोलले त्याची क्षमा माग म्हणतात, म्हणून मागते. बटाट्याची मागत नाही.

अठ्ठाई पार पडली. काल सकाळी बायका गाणी म्हणत होत्या, माझ्यापुढे मुगाच्या पाण्याची वाटी होती, आणि दारात मौलेश बॅग घेऊन उभा. एकटाच. सुनेला, रुचिताला, रजा मिळाली नाही म्हणाला. मागे अमदावादचा डॉक्टर. त्या बिचाऱ्याने मला उलटे आकडे म्हणायला सांगितले. मी महावीरस्वामींपासून ऋषभदेवांपर्यंत चोवीसही तीर्थंकर उलटे म्हटले. तो फी न घेता चहा पिऊन गेला.

मग वाटीला हात लावण्याआधी मी मौलेशला सांगून टाकलं. मी उपवास केले, तुझ्यापासून लपवले, लाल पानं खरी होती आणि हिरवं तेवढं तुझ्या मामाचं. तो मग खाली बसला आणि पहिला चमचा त्यानेच माझ्या तोंडाला लावला.

दुपारी म्हणाला, अनामत राहू दे, डबीही राहू दे, मला तिकडे झोप लागत नाही. मी म्हटलं, राहू दे, पण एक डबी तुझ्याही फ्रिजवर लाव आणि तिची पानं माझ्या फोनात उगवू देत. तुझी तीन लाल झाली तर मी येईन. खूप दिवसांनी हसला. आज रात्री परत निघतो आहे. सध्या तरी घर माझंच आहे.

तुझ्यावरचा राग आठवडाभरात उतरेल. तोवर पत्र लिहीत जा.
जसुबेन


वढवाण,
आश्विन शुद्ध ३

चि. भाऊ किरीट यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन आता वर्ज्य नाही, तरी हे कंडक्टरकडेच देते. फोनात कोण कोण ऐकतं याचा मला भरवसा उरलेला नाही.

मौलेशने त्याच्या घरी डबी लावली. पहिल्या दिवशी मी पान बघायला मालिकेसारखी बसले, तर लाल. म्हटलं, नवीन आहे, शिकेल. दुसरं लाल, तिसरंही लाल. बोट ठेवलं की खाली बारीक अक्षरं येतात, ती कपिलाबेनच्या सुनेकडून वाचून घेतली. फ्रिज दिवसातून एकदा उघडतो. गादीवर दोन तास माणूस असतो. घरातले आवाज, एक.

मी फोन केला. म्हणाला, रुचिता अंघोळीला गेली आहे. दुसऱ्या दिवशी बाजारात गेली होती. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. पारण्याला तो एकटा आला तेव्हाच मला कळायला हवं होतं, की तेव्हा कळण्यासारखं काही नव्हतं? रात्रपाळी असेल, रुचिता माहेरी गेली असेल. डबीने मलाही मेलेली ठरवलं होतं, आणि तरी तिची लाल पानं खोटी नव्हती. असं कळेल हे विसरून त्याने ती लावली, की कुणाला तरी कळावं म्हणूनच लावली? विचार करून थकले.

रोज रात्री डबी मला विचारते, तुम्ही स्वतः पाहिलंत का, सगळं ठीक आहे का. खाली ते हिरवं बटण. माझं बोट त्यावर जातं आणि परत येतं. मी काहीच पाहिलेलं नाही.

व्हिसा रुचितानेच हट्टाने करून दिला होता, तो अजून चालतो. तिकीट तू काढ, परतीचं सध्या नको. घराची किल्ली कपिलाबेनकडे राहील. मौलेशला कळवू नकोस, तो येऊ नको म्हणेल आणि मी ऐकेन.

विमान सुटलं की इथलं पान लाल व्हायला लागेल आणि तुझा फोन विचारील. या वेळी बटणाला हात लावू नकोस.

तुझी जसुबेन