माझं वाचेल ते तिला

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

कंपनीने हेल्थ चेकअप करून दिला होता, त्याचे रिपोर्ट आज मिळाले. पॅकेज नवराबायकोचं होतं म्हणून ललितालाही नेलं होतं. फुकट होतं, नाही कशाला म्हणा.

मी : वजन ८७.४. साखर काठावर. लिव्हरला चरबी. वय पन्नास, म्हणजे तसं तरुणच.

ललिता : वजन ५१. हिमोग्लोबिन ८.४. बारा हवं म्हणे.

परळच्या हॉस्पिटलातली डॉक्टर आमच्या आकांक्षापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. मला म्हणाली, काका, खाणं निम्मं करा. ललिताला म्हणाली, काकी, तुम्ही दुप्पट करा; अंडी, मासे, पालेभाजी, खजूर, सगळं रोज पोटात गेलं पाहिजे, आणि या गोळ्या. सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. तोवर काकींचं वर आलं नाही तर ॲडमिट करावं लागेल, असंही म्हणाली.

घरी येताना लालबागच्या सिग्नलला एकदम डोक्यात प्रकाश पडला. मी निम्मं खाणार, ती दुप्पट. म्हणजे खर्च तेवढाच! किराणा, भाजी आणि मासळीचं आमचं पाकीट महिन्याला नऊ हजारांचं. आकांक्षाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, त्यामुळे पाकिटात एक रुपया वाढवता येत नाही. आणि वाढवायची गरजच काय? माझं वाचेल ते तिला. डॉक्टरलासुद्धा हे सुचलं नव्हतं. ललिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

उद्यापासून.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ऑफिसात शेजारच्या टेबलावर विकास बसतो. चार महिन्यांत नऊ किलो उतरवलेत, आता शर्ट खोचून फिरतो. म्हणाला, नुसतं कमी खाऊन काय होत नाय शेठ, राइट फूड पायजे. व्हॉट्सॲपवर यादीच पाठवली.

संध्याकाळी ऑफिसखालच्या सुपरमार्केटातून ओट्स, चिया सीड्स, बदाम, ऑलिव्ह ऑइल आणि ब्राउन ब्रेड घेतला. १,६८० रुपये, पाकिटातून. पिशवीचे वेगळे दहा मागत होते, ते दिले नाहीत. सगळं छातीशी धरून परळहून लालबागपर्यंत चालत आलो. काटकसर अंगात असावी लागते.

ललिताला सांगितलं, ही गुंतवणूक आहे. तुझा खजूर पुढच्या आठवड्यात.

बुधवार, ५ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

ओट्स. मंडळाची पोस्टरं चिकटवायला आम्ही जी खळ शिजवायचो तिची आठवण झाली. संपवले.

११.१५ : भूक. ११.३० : बदाम, दोन. ११.४० : उरलेले बदाम.

४.३० : वडा. पाव नको म्हटलं तर गाडीवाला म्हणाला, भाव तोच आहे. पैसे दिलेला पाव टाकून कसा येणार? पहिल्याच दिवशी असं व्हायला नको होतं. पण लिहून ठेवलं म्हणजे लपवाछपवी तरी नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बांगड्याचं तिखलं. एरवी ललिता सहा बांगडे आणते, आज चारच आणले. भाव वाढलेत का विचारलं, तर म्हणाली, पाकीट हलकं झालंय.

मी भात सोडलाय, त्यामुळे प्रोटीन तेवढं हवंच. दोन मला. एक आकांक्षाला. एक उद्याच्या डब्याला काढून ठेवला.

पाणी प्यायला उठलो तेव्हा ललिता जेवत होती. ती आमच्या मागून जेवते. माझी आई तशीच जेवायची, तिची आईही. मी कधी सांगितलेलं नाही. भातावर नुसता रस घेतला होता. बांगडा का नाही विचारलं, तर म्हणाली, काट्यांचा कंटाळा आलाय. मालवणची बाई आणि काट्यांचा कंटाळा! मी हसलो. पण मग घरात बसवेना, म्हणून चालायला गेलो.

सोमवार, १० नोव्हेंबर

ऑफिसातून चिवडा गल्लीच्या अलीकडूनच वळायचं, असं ठरवून निघालो होतो. पण तिथे डाएट चिवडा मिळतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत डाएट. अर्धा किलो घेतला. हा महिनाभर पुरवायचा, रोज मूठभर.

घरी नेला तर आकांक्षा फस्त करेल, म्हणून उद्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ड्रॉवरमध्ये ठेवण्याइतका उरला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

वजनकाटा आणला. ७९९. पाकिटातून. माप नसेल तर प्रगती कळणार कशी?

पहिल्यांदा ८८.३ दाखवलं. लादी उंचसखल आहे. काटा मोरीजवळ नेला, ८८.३. बनियन काढलं, घड्याळ काढलं, शेवटी चष्मा काढला. मग आकडाच दिसेना. आकांक्षाला वाचायला बोलावलं. ती म्हणाली, पप्पा, अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन, आणि आधी कपडे घाला.

तिने आईलाही उभं केलं. ४९! मी ओट्स गिळतोय आणि ही काहीही न करता दोन किलो उतरली. काही लोकांची शरीरंच नशीबवान असतात. आकांक्षा माझ्याकडे बघत राहिली. मी काट्याचं वॉरंटी कार्ड शोधायला घेतलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ललिताने अर्धा लिटर दूध कमी केलंय. स्वतःचा चहा काळा करून पिते. म्हणाली, आता मला असाच आवडतो. माझ्या डाएटचा घरावर चांगला परिणाम होतोय म्हणायचा.

खजूर राहिलाच, तिच्या गोळ्यांची दुसरी पट्टीही. पुढच्या महिन्याचं पाकीट आलं की पहिली खरेदी तीच.

बुधवार, १९ नोव्हेंबर

विशेष काही नाही. (समोसा. दोन.)

रविवार, २३ नोव्हेंबर

मनाला लागून राहिलं होतं. सकाळी उठून अंड्यांचा ट्रे आणला, तीसचा. पाकिटात साडेचारशे उरले होते, त्यातून. सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, ही फक्त ललिताची अंडी. ललिता लाजली. मला इतकं बरं वाटलं की दुपारी छान झोप लागली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

विकास म्हणतो, नुसतं पांढरं खा, प्युअर प्रोटीन. पांढरं मी खायचं, पिवळं ललिताने. डॉक्टरला काय ते पिवळ्यातलंच हवं असणार. एकाच अंड्यात दोघांचा इलाज. रोज चार उकडायची.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. ललिताचा उपवास. सोमवार आणि शनिवारी ती अंडं खात नाही. आता गुरुवारही गेला. उकडलेलं पिवळं टाकायचं का? काल मीच खाल्लं. चव लागली. आज शुक्रवार, पण आजही माझ्या हातून खाल्लं गेलं. ललिता म्हणाली, खावा, माका भूक नाय. मन दुखलं की ती मालवणीत बोलते. आज कशाने दुखलं असेल?

रविवार, ३० नोव्हेंबर

अंडी संपली. तिची किती होती ते आकांक्षाने मोजलं होतं. सहा.

जेवताना ती म्हणाली की पप्पा, तुमचं डाएट आई करतेय.

कॉलेजात असले वाक्प्रयोग शिकवतात वाटतं. मी तिला म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. ललिताने तिला गप्प केलं आणि मला ताक वाढलं. दही लावलं होतं वाटीभर, ते सगळं माझ्याच ताकाला लागलं. अर्धं सोडलं. मग सोडलेलं पाहून वाईट वाटलं, म्हणून प्यायलो.

बुधवार, ३ डिसेंबर

दोन दिवस लिहिलं नाही. लिहायला बसलो की आकांक्षाचं वाक्य आठवतं.

नवीन पाकीट, नवीन सुरुवात. ओट्स बंद. चिया सीड्स बंद (उरलेल्या कुंडीत पेरल्या). यापुढे नाचणीची भाकरी आणि भाजी. डॉक्टरच्या यादीतलं ललितासाठी पहिलं घ्यायचं, बाकी मागून. हे मी शपथेवर लिहितोय.

विकासने प्रोटीन पावडरच्या डब्यात भागीदारी विचारली. अर्धा डबा हजार. मी ताडकन नाही म्हणालो.

गुरुवार, ४ डिसेंबर

भागीदारी घेतली. डिस्काउंटचा शेवटचा दिवस होता. ललिताचा आज उपवासच, तिला आज तसंही काही लागणार नव्हतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

ललिता भाजी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणे. त्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी साखरपाणी दिलं आणि हाताला धरून वर आणलं. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी जिन्यात गाठून कमळाबाई मला म्हणाल्या, अहो, ती पिसासारखी हलकी लागली हाताला, तिला काय घालता की नाय खायला?

मी म्हणालो, जिना फार उभा आहे.

मग घरात जाववेना. तसाच उलटा फिरून बसने दादरला गेलो. मार्केटमधून लाल माठाच्या दोन जुड्या, बीट आणि अर्धा किलो खजूर घेतला. काळा, मऊ. पाकिटाकडे बघितलं नाही. बसला गर्दी होती, म्हणून चालत निघालो. चांगला आहे की नाही बघायला हवं, म्हणून हिंदमाताला एक खाल्ला. परळला दोन. डोक्यात सगळा वेळ ललिता जिन्यात बसलेली दिसत होती. भारतमातापाशी आलो आणि हात पिशवीत घातला तर नुसत्या बिया. बिया रस्त्यावर टाकल्या नव्हत्या, एवढंच.

घरी गेलो. लाल माठ दिला. ललिता खूश झाली. म्हणाली, एवढं कशाला आणलंत? मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथेच बराच वेळ उभा राहिलो. मला माझीच लाज वाटली. इतकी पूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

बुधवार, १० डिसेंबर

भाजी ललिताने दोन वेळची केली. माझ्या ताटात डोंगर. पालेभाजीने वजन वाढत नाही म्हणे. मला सांगायचं होतं की हे तुझं आहे. पण मग खजुराचंही सांगावं लागलं असतं.

सोमवार, १५ डिसेंबर

दोघांचं रक्त देऊन आलो. सुईवाल्याला ललिताची शीर सापडत नव्हती. माझी लगेच सापडली.

मंगळवार, १६ डिसेंबर

मी : वजन ८९.६. साखर आता काठावर नाही, पलीकडे.

ललिता : वजन ४७. हिमोग्लोबिन ७.१.

डॉक्टरने दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. मग ललिताला बाहेर बसवून मला विचारलं, काका, काकी घरी जेवतात ना?

म्हणालो, जेवतात. मागून.

तिने मान वर केली. मी वॉरंटी, लादी, मार्गशीर्ष, असं काय काय सांगणार होतो. शुक्रवारी ॲडमिट करा म्हणाली. शिरेतून लोह देतील, नाहीतर रक्त चढवतील.

बाहेर बाकावर ललिता पदर सारखा करत बसली होती. मला बघून म्हणाली, काय म्हणाली? तुमची साखर वाढली नाही ना? सकाळपासून तिला तेवढीच काळजी होती. जिना उतरताना मी तिचा हात धरला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, चारचौघांत कधी धरला नव्हता. खरंच पिसासारखा लागला.

बुधवार, १७ डिसेंबर, रात्री ८.३०

आज मी स्वतः मासळी आणली. पाकिटात होतं त्यात दोनच बांगडे आले, पण मोठे. एक ललिताचा, एक आकांक्षाचा. माझा नाही. आकांक्षाने तळले, मी पानं घेतली. ललिताला म्हणालो, तू आधी बसायचं, आमच्याबरोबर. ती हसायलाच लागली. माका असां बसान जेवूक जमणा नाय, म्हणाली. तरी बसवलंच. मीठ आणायला उठली, परत बसवली. पाण्याला उठली, परत बसवली. मी तिला वाढलं. भात, डाळ, सगळा बांगडा.

मी भाकरी आणि डाळ घेतली. खरं सांगतो, एवढा हलका मी दीड महिन्यात झालो नव्हतो.

ललिता आकांक्षाशी बोलत होती. शुक्रवारी हॉस्पिटलात कोण थांबेल, डबा कोण करेल, पप्पांची भाजी कशी करायची, तेल किती घालायचं. बोलता बोलता तिने बांगडा मधोमध मोडला. पोटाकडचा मोठा तुकडा काटा काढून माझ्या ताटात ठेवला. तिचं लक्षसुद्धा नव्हतं. हात आपला आपण आला आणि गेला.

आकांक्षाचा घास हातात राहिला. ती माझ्याकडे बघत होती.

तो उचलून परत ललिताच्या ताटात ठेवायचा होता. हे आत्ता, लिहिताना सुचतंय.

तेव्हा मी तो खाल्ला.