जंतुमुक्त पाणी

१ मे १९८७, शुक्रवार
म्हापशाच्या बाजारातून काचेची टाकी आणली. सगुण दुकानदार म्हणाला, पाणी भरून महिनाभर मासे सोडू नका, आधी पाण्यात चांगले जंतू वाढू द्या. हसू आलं. दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर आहे, जंतू मारण्यात हयात गेली. ते वाढवू? चार काळे मॉली सोबतच घेतले. लेक दीपा आजोळी कोरगावला आहे, एकतीसला येईल. तिला कार्ड टाकलं: चार मासे वाट पाहतायत. गेल्या वर्षी तिच्या मांजरीच्या पिल्लाला मी औषध दिलं होतं. तो विषय घरात कोणी काढत नाही. यंदा चूक होणार नाही.

२ मे
पाणी उकळून, गाळून, निववून भरलं. वर जंतू मारायला पोटॅशचे दोन खडे. गुलाबी रंग छान दिसतो. मासे वर येऊन तोंडं उघडतात. भूक उत्तम.

४ मे, सोमवार
घरात शिवराक, मासळी बंद. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची पूड नको म्हणून माशांना भात घातला. विमला म्हणाली, नुस्त्याक कसला सोमार? माशाला कसला सोमवार म्हणे! बायकोशी वाद घालत नाही.

५ मे
एक गेला. मुळातच अशक्त होता. कार्डात आकडा लिहायला नको होता.

८ मे
पाणी गढूळ. टाकी उपसली, तळातली खडी सोड्यात उकळली, गाळणीचा स्पंज साबणाने धुतला. काच चकाचक. संध्याकाळी दुसरा गेला. शेजारचे बाबाजी म्हणाले, त्यांनी त्यांच्या टाकीतली खडी पाच वर्षांत धुतलेली नाही. सांगतात काय, लाज वाटायला हवी.

१२ मे, सकाळी ६.३०
तिसरा. पोटॅश वाढवावं म्हटलं तर विमलाने पुडी लपवली. ओरडलो तिच्यावर. मग न्हाणीत जाऊन रडलो. उरलेला काचेपाशी येऊन बघत होता. तुला हवंय तरी काय, विचारलं.

१४ मे
जुलाब, ताप. उकळलेलं पाणी माशांना आणि मी प्यालो दवाखान्याबाहेरच्या मडक्यातलं. डॉक्टर हसले. अंथरुणातून उठायचं नाही म्हणाले.

२० मे
पलंगावरून टाकी दिसते. विमलाने बाबाजींकडची मळकट खडी मूठभर आणून टाकली. अधूनमधून विहिरीचं तांब्याभर पाणी बदलते, चिमूटभर पूड घालते, बस्स. काचेवर शेवाळ. उठता येत नाही, नाहीतर दाखवलं असतं.

३० मे
आज गोवा राज्य झालं. बाहेर फटाके. मासा जिवंत, चांगला गुटगुटीत. माझ्या उपचारांचा गुण उशिरा आला.

३१ मे
ताप उतरला. दीपा यायच्या आधी पाणी जरा ताजं करावं म्हणून दवाखान्यातून पोटॅशची पुडी आणली. पण ती लवकरच आली. तिने काचेला बोट लावलं, मासा धावत आला. बाकीच्या तिघांचं काहीच विचारलं नाही. आईला हळूच म्हणाली, बाबांनी ह्याला औषध-वखद नाही ना दिलं? विमला म्हणाली, ना गो, बाबा आजारी होते.

दीपा म्हणाली, बरं झालं.

मी मागेच उभा होतो, खिशात पुडी घट्ट धरून.